जुना पंप शाबूत होता

नाव : मिस्त्री. कागदोपत्री नाव वेगळे आहे व ते रजिस्टरात घेतले आहे, पण त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. वय : बहात्तर. धंदा : मोटार मेकॅनिक. (हवालदारांनी आधी 'निवृत्त' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.) राहणार : गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून समक्ष सांगतो की,

वरील ठिकाणी मी, माझी बायको व मुलगी असे एकत्र राहतो. मुलीला सगळे बारकी म्हणतात. ती चाळिशीला आली, दारातून वाकून आत येते, तरी बारकीच. गॅरेज मी उभे केले, सध्या ती चालवते. काम तिला मीच शिकवले. पाना डोळ्यांनी न बघता बोटांनी कसा ओळखायचा, हेसुद्धा मीच शिकवले. माझी तक्रार तिच्याविरुद्ध आहे. हवालदार म्हणाले, "मिस्त्री, घरची भांडणं घरी मिटवा." मी म्हणालो, घरी मिटण्यासारखे असते तर मी ह्या उन्हात तंगडतोड करत आलो नसतो. लिहून घ्या.

माझी स्वतःची पांढरी गाडी आहे. जुनी आहे, पण रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. सोमवारी सकाळी बायकोसोबत बाजारात जायचे म्हणून मी किल्ली फिरवली. इंजिन नुसते फिरत राहिले, सुरू होईना.

हवालदारांना समजावे म्हणून सांगतो. पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप ह्या गाडीत टाकीच्या आत असतो, मागच्या सीटखाली. किल्ली फिरवली की आधी पुढे रिले टिक करतो, म्हणजे पंपाला वीज सोडतो. मग मागे पंप क्षणभर गुणगुणतो. मी गाडी कानाने तपासतो. टिक ऐकू आले, गुणगुण आली नाही. बायकोला किल्ली फिरवायला बसवून मी मागच्या सीटवर कान टेकवला. चिडीचूप. अडकलेला पंप कधीकधी धक्क्याने जागा होतो, म्हणून टाकीच्या बुडाला लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहिले. काही नाही. रिले उपटून पाहिला. चारही पाय स्वच्छ, चकचकीत. परत बसवला. पंप गेला, असे माझे निदान झाले.

पंपाच्या वायरीला टेस्टलॅम्प लावून वीज येते का ते पाहिले होते का, असे विचारले. हवालदारांकडेही जुनी गाडी असावी. मी सांगतो की टेस्टलॅम्प लावला नव्हता. दिवसाउजेडी तो एवढासा दिवा पेटलेला कोणालाच दिसत नाही. हवालदार म्हणाले, "मला तर दिसतो." दिसत असेल. त्यांचे त्यांना लखलाभ.

निदान मी बारकीला सांगितले. ती गाडीशेजारी उभी होती. तिने मान खाली घातली व म्हणाली, "असेल, बाबा." नवा पंप तिनेच जाऊन आणला. हे वाक्य ठळक अक्षरात लिहावे, अशी माझी मागणी आहे.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी कामाला हात घातला. बॅटरीची वायर सोडली. गाडीचे चारही दरवाजे उघडे ठेवले, पेट्रोलची वाफ कोंडू नये म्हणून. मागची सीट काढली, झाकणाचे स्क्रू काढले. टाकीच्या तोंडावरची मोठी कडी गंजून बसली होती. तिथे लोखंडाला लोखंड लावून ठोकायचे नसते. ठिणगी पडली तर गॅरेज, घर आणि मिस्त्री, सगळ्यांचा एकदमच निकाल. पितळेच्या सळईने कडी टिचक्या देत फिरवावी लागते. मी हात मागे केला आणि सळई हातात आली. मी मागितलीसुद्धा नव्हती. रबरी रिंग लागली, रिंग हातात. पक्कड लागली, पक्कड हातात. मला वाटले, पोरगी मालकीण झाली, पण काम विसरली नाही. जुना पंप मी तिरका करून अलगद काढला, कारण त्याला पेट्रोलचा काटा हलवणारा दांडा असतो, तो वाकता कामा नये. नवा बसवला, रिंग बसवली, कडी आवळली. एक थेंब गळणार नाही. कोणालाही आणून दाखवावे.

बॅटरीची वायर जोडली, किल्ली फिरवली. टिक. पुढे काही नाही.

बारकी म्हणाली, "चहा टाकते," आणि आत सटकली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी रिले पुन्हा उपटला. डोळ्यांना तो तसाच दिसला, चकचकीत. मग एकेका पायावरून अंगठ्याचे नख फिरवले. तिसऱ्या पायावर नख अडखळले. पायाला पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली होती, इतकी नेटकी की कडसुद्धा वर येऊ नये. रिले टिक करणार, पण वीज पुढे जाणार नाही. जुना पंप शाबूत होता. मी सबंध दुपार गाडीत ओणवा होऊन चांगला पंप काढला आणि त्याच्या जागी चांगला पंप बसवला!

ही युक्ती अख्ख्या गावात दोघांनाच ठाऊक आहे. गिऱ्हाइकाची गाडी मुक्कामाला राहिली की मी अशी पट्टी लावत असे. चोर किल्ली फिरवील, डोके खाजवील आणि निघून जाईल. बारकी शाळेत असताना तिला मी ती शिकवली. तेव्हा तिच्या बोटांना ती नीट जमत नसे. आता चांगलीच जमते. म्हणजे माझ्या घरात, माझ्या गाडीचा चोर मी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला बाहेर बोलावले व विचारले, "हे काय?" तिने हातातला कप बोनेटवर ठेवला. मी म्हणालो, "बापाला माकडासारखं नाचवलंस? नवा पंप आणून दिलास, सळई हातात दिलीस, वर चहा?" तेव्हा ती म्हणाली, "सीट काढलीत तेव्हाच सांगणार होते, बाबा. पण तुम्ही गुणगुणायला लागलात. गॅरेज माझ्याकडे आल्यापासून कधी गुणगुणला नव्हतात. मला सांगवलं नाही."

मी गुणगुणत होतो की नाही, याचा तक्रारीशी संबंध नाही. पण ती म्हणाली ते लिहिले पाहिजे, म्हणून लिहून घेतले आहे.

तिने असे का करावे, तुमचा काही वाद होता का, असे विचारले. वाद नव्हता. मागच्या आठवड्यात शाळेच्या वळणावर एका मुलीची सायकल माझ्या गाडीला लागली. हवालदारांनी विचारले, सायकल गाडीला लागली की गाडी सायकलला? ती डावीकडून आली. डावीकडून आलेली दिसत नाही. मुलीला काहीही लागले नाही. गुडघा खरचटला. सायकलचे वाकलेले चाक मी तिथेच, तिच्यासमोर, हातांनी सरळ करून दिले. ती रडत होती ती भीतीने, लागल्यामुळे नव्हे. गाडीत बायको होती. बायको नेहमी शेजारी बसते व लाल, हिरवा, स्कूटर, म्हातारी असे सांगत राहते. ही तिची हौस आहे. त्या दिवशी ती पिशवीत काहीतरी शोधत होती. एरवी तिची टकळी क्षणभर थांबत नाही, नेमकी तेव्हाच थांबली. घरी आल्यावर ती बारकीशी काय बोलली ते मला माहीत नाही. दार लावून बोलल्या.

समोरच्या भिंतीवरचा फलक वाचून दाखवा, असे हवालदार म्हणाले. मी सांगितले की मी इथे तक्रार द्यायला आलो आहे, डोळे तपासायला नाही.

काय कारवाई हवी, असे विचारले. तिला इथे बोलवा आणि खडसावून सांगा की बापाशी असे वागायचे नसते. दिसत नसेल तर दिसत नाही असे तोंडावर सांगायचे. मी ओरडलो असतो. आदळआपट केली असती, दोन दिवस जेवलो नसतो. पण आयुष्यभर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आलो, की तुमची गाडी आता रस्त्यावर काढायच्या लायकीची नाही. शिव्या खाल्ल्या, गिऱ्हाइके गमावली, पण सांगितले. मला तेवढे सांगणारे घरात कोणी असू नये? एवढा मी परका?

पुरावा म्हणून रिले व चिकटपट्टी हजर करा, असे सांगितले. मी सांगतो की रिले मी आणलेला नाही, तो गाडीत त्याच्या जागेवर आहे. पट्टी कुठे आहे, असे विचारले. पट्टी रिलेच्या पायाला आहे. म्हणजे पट्टी सापडल्यावरही ती काढली नाही का, असे विचारले. नाही. तिचे एक टोक नखाने सुटले होते, ते नीट दाबून चिकटवले व रिले परत बसवला. का, असे विचारले. ह्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे नाही.

मुलगी बऱ्याच वेळापासून बाहेर बाकावर येऊन बसली आहे, आत बोलावू का, असे विचारले. आधी सही होऊ द्या, असे मी सांगितले.

जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे. चष्मा घरी राहिल्यामुळे जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एकच दुरुस्ती आहे. चष्मा घरी राहिलेला नाही, माझ्या खिशात आहे. बाकी सर्व बरोबर आहे. सही कुठे करायची ते मला बोट धरून दाखवण्यात आले.