घरात माणसं किती?

इंग्लंडमधल्या बर्नलीच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या शेजारणी नंबरची वाट बघत होत्या.

“नोरीन, स्वस्त पडेल म्हणून वीज कंपनी बदललीस ना? मग हप्ता वाढला कसा?”

“घरात माणसं किती, विचारलं त्यांनी. मी दोन सांगितली, नवरा नि मी. त्यावरनं वापराचा अंदाज बांधून दर महिन्याला बँकेतून आगाऊच कापून घेतात.”

“अगं, पण सिरिल तर वर्षभर वृद्धाश्रमात आहे! आता घरी यायचा नाही, असं डॉक्टरच म्हणाले ना?”

“म्हणाले.”

“मग फोन कर. एकटीच राहते म्हणून सांग.”

“केला गं. पोरगी गोड होती बोलायला. तिनंही तेच विचारलं, आणि माझ्या तोंडून पुन्हा दोनच निघालं.”

“मी सांगू का त्यांना?”

“नको, ग्लेनिस. एवढा हिवाळा जाऊ दे.”