करंट आहे की नाही

तुला करंट मोजायचाय, की करंट आहे की नाही ते बघायचंय? — नाही गं, एकच नाही ते. थांब, ते हातातलं खाली ठेव आधी, मग सांगते. तुला ‘तू’च म्हणते मी, चालेल ना — मघाशी फोनवर ‘अगं आई, गीझर’ म्हणालीस ना, तेव्हाच कान टवकारले माझे. इथे हिंदी मुलुखात, ह्या अमीनाबादेत, महिन्यातून एकदा मराठी कानावर पडलं तर पडलं. आमची मुलगी चेतना, तिला घरात सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तू जानकीपुरमला का? अच्छा, भाड्यानं. आणि गीझर लावला की नळाला हात लावताना मुंग्या येतात, आणि घरमालक म्हणतो, वहम है आपका, भास होतो म्हणे. म्हणणारच. त्याला कुठे आंघोळ करायचीय तिथे.

बघ, हे खेकड्याच्या नांगीसारखं तोंड आहे ना, हा क्लॅम्प मीटर. तार ह्याच्या तोंडात धरायची — सोलायची नाही, शिवायचं नाही, आकडा समोर. सगळ्यांना हाच हवा असतो. कमरेला लटकवला की माणूस इंजिनियर दिसतो. आणि हे दुसरं, लाल-काळ्या तारांचं, हे मल्टीमीटर. ह्याच्या सुया दोन जागी नीट टेकवाव्या लागतात, जरा डोकं लावावं लागतं, म्हणून बिचारं पडून राहतं. पण क्लॅम्प सांगतो काय — तारेतून किती वाहतंय. वाहत नसेल तर झिरो. मल्टीमीटर सांगतं, तारेत दाब, म्हणजे व्होल्टेज, आहे की नाही. नळ बंद केला की धार थांबते, म्हणून वरची टाकी रिकामी होते का? नाही ना होत. मग तुझा गीझर बंद असताना हा क्लॅम्प तारेला लावलास तर झिरोच येणार, तू म्हणणार करंट नाही, आणि घालणार हात. घोळ सगळा त्या शब्दाचा आहे बघ. झटका बसला — करंट बसला. तार जिवंत आहे — करंट आहे. आणि मीटरवर छापलेला करंट तिसराच. मी दहावी शिकलेली बाई, हे मला शाळेनं नाही शिकवलं, ह्या स्टुलावर बसून बसून कळलं. उशिरा कळलं.

तारा? हो, क्लॅम्पच्या डब्यातही दोन तारा येतात, दाब बघायला. ह्यात नाहीत. ह्यांनी कधीतरी काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिल्या. म्हणून तर तुला स्वस्त दिसला तो. — मुठीवरचा तो गुलाबी डाग ना? काही नाही, जाऊ दे. — जरा पंखा वाढवते हं, शेजारच्या पेंटवाल्यानं थिनरचा डबा उघडला वाटतं. मळमळतं मला त्या वासानं. बावीस वर्षं शेजार आहे त्याचा, पूर्वी कधी नाही व्हायचं.

एक इरशादभाई म्हणून वायरिंगचे मिस्त्री आहेत. आहेत म्हणजे — आता काम करत नाहीत. ह्यांच्या वडिलांपासूनचे ओळखीचे. माझे सासरे रेल्वेत होते, मानक नगरला, त्यांच्या क्वार्टरची वायरिंगसुद्धा इरशादभाईंच्या वडिलांनी केलेली. तर इरशादभाई आले, म्हणाले, करंट है कि नहीं, ये देखने वाला मीटर दीजिए. आता त्यासाठी काय द्यायचं? मल्टीमीटर. पण दुकानानं दिला क्लॅम्प. का? कारण तारा नसलेला हा क्लॅम्प चार महिने पडून होता, आणि ह्यांचं रोज सकाळी एकच — ये निकालो पहले, ये निकालो, म्हणजे आधी हा खपव. करंट मागितला ना, मग करंटचाच दिला, असं म्हणतात हे. अजूनही म्हणतात. जेवताना म्हणतात. मी पोळी वाढते.

इरशादभाईंनी आपल्या मुलीचं नेलपॉलिश लावून मुठीवर एक ठिपका काढला होता, साइटवर कुणाच्या हत्यारात मिसळू नये म्हणून. एका लग्नाच्या लॉनची पाण्याची मोटर दुरुस्त करायची होती. त्यांनी बटण बंद केलं, मोटर थांबली. पण कुणा अडाण्यानं बटण भलत्याच तारेवर बसवलेलं — मोटर थांबते आणि दाब तसाच राहतो, असं. इरशादभाईंनी तरी बघून घेतलं. तारेला क्लॅम्प लावला, झिरो आला. मग उजव्या हातानं तार धरली. दोन बोटं कापावी लागली.

लॉनवाला म्हणतो, म्हाताऱ्याला दिसत नाही. ठेकेदार म्हणतो, पिऊन आला असेल. तो माणूस पान खात नाही गं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे — ते स्वतः इथे आले. हाताला पांढरी पट्टी. म्हणाले, जगदीश भैया, ज़रा देखिए, मशीन ख़राब तो नहीं. आमच्या ह्यांनी ह्या पंख्याच्या दुहेरी तारेचं वरचं आवरण कापून एक पदर क्लॅम्पच्या तोंडात धरला, आकडा आला, म्हणाले, मशीन बिल्कुल सही है. आणि इरशादभाईंनी मान हलवली. फिर हमारी ही ग़लती होगी, म्हणाले. चालीस साल में पहली बार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, भाभीजी, आपने तो समझाया था, छूना नहीं पड़ेगा, हम ही —

हो. मीच. तुला मघाशी दुकानानं दिला म्हटलं ना — हे त्या दिवशी बँकेत गेले होते. मीच हसून म्हटलं होतं, ये लीजिए, छूना भी नहीं पड़ेगा. तारा नाहीत हे ठाऊक होतं मला. फरकही ठाऊक होता. शब्द तोंडाशी होता, की भाई, मशीनही बरोबर आणि तुम्हीही बरोबर, वस्तूच चुकीची दिली मी. ह्यांनी डोळे वटारले, आणि मी काय केलं? पाणी दिलं त्यांना. त्यांनी डाव्या हातानं ग्लास धरला, मीटर इथेच ठेवलं, अब हमारे किस काम का, म्हणाले, आणि आपका वक़्त लिया म्हणून माफी मागून गेले. माफी, गं. शिसारी येते मला ह्या काउंटरची. माझ्या स्वतःच्या गोड आवाजाची येते.

हे हिंदीत मी कुणाला बोलले नसते. ह्या गल्लीत सगळे ओळखतात त्यांना. त्यांचं घर पलीकडच्या गल्लीत आहे, चालत पाच मिनिटं. मी नाही गेले.

तू गीझरचा मेन बंद ठेव, नळाला हात लावू नकोस, आणि मल्टीमीटर बाळगणारा मिस्त्री बोलाव. हा क्लॅम्प मी तुला विकत नाही. — तो डाग? जाऊ दे म्हटलं ना. स्कूटर थांबली बघ, हे आले. जा तू आता. काय विचारते आहेस, कधी पुसला? इरशादभाई मीटर ठेवून गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ह्यांनी शेजारून थिनर आणलं, मी तो ठिपका पुसला आणि मीटर परत विकायला वरच्या फळीवर ठेवलं.