डब्याचं झाकण

औंढ्याला दर्शनाच्या रांगेत बजरंग मिस्त्री बायकोच्या, दीपमालाच्या मागं उभा होता. पुढं दोन म्हातारे बोलत होते.

"सूनबाई अडलेली, अन् जीपनं चढावर दम सोडला. नुसता काळा धूर!"

"मंग?"

"मिस्त्री म्हणला, धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल अडकलाय. नवा नांदेडहून येईल."

"अन् तवर?"

"त्यानं सोताच्या जेवणाच्या डब्याचं झाकण कापलं, तिथं बसवलं. आठ दिवस चालंल म्हणला."

"मंग बदलला का नाई व्हॉल?"

"काहून बदलू? नात दोन वर्षांची झाली, झाकण अजून बराबर हाय. ह्यो नारळ त्या मिस्त्रीच्या नावाचा."

दीपमाला गर्रकन वळली.

"तुमी तर झाकण हरवलं म्हणले व्हते! अन् मी आठ दिवस अबोला धरला."