कोरड्या फळ्या आणि तीन भोकं

…अन् म्हणे तीन भोकं तर पाडायची, त्यात काय! तुम्हाला सांगतो, ज्यानं जन्मात गिरमिट धरलं न्हाई, त्यालाच असं बोलायला सुचतं. भोक एकदा पडलं की बुजत न्हाई!

वेल्ह्याखाली धरणाची कॉलनी, तिथं म्या सुतारमिस्त्री. मोठे इंजिनेर साहेब दिल्लीकडचे. त्यांनी क्लबात माझ्याच हातनं साठ फुटी सागवानी फळ्यांची वाट करून घेतली, दोन्ही कडंला गटारं. टोकाला दहा लाकडी बाटल्या उभ्या करायच्या आन् लांबून गोळा सोडून त्याच पाडायच्या! पाडायच्याच हुत्या तर उभ्या कशाला केल्या? पण इचारणार कोण? गोळा परदेशातनं आला. एकच! काळाभोर, कोहळ्याएवढा. त्याला बोटं घालायला भोकं पाडायची.

हेडक्लार्क आनंदराव आले. "मिस्त्री, आधी साहेबांचा अंगठा घ्या."

"अवो, एवढा शिकलेला माणूस अंगठा कशाला देईल? सही करील की!"

"मापाला, मिस्त्री, मापाला!"

"आन् माप चुकलं तर?"

आनंदराव हळूच म्हणाले, "मागच्या मिस्त्रीनं साहेबांच्या खुर्चीचा पाय आखूड केला. तो आता कुठं असतो, ठाऊक हाय?"

"कुठं?"

"तेच तर कुणाला ठाऊक न्हाई."

झालं! गोळा काखेत मारून म्या साहेबांकडं गेलो, अंगठ्याचं माप घेतलं. साहेबांनी पुस्तकातलं चित्र दावलं. गोळ्याची एक बाजू आतनं जड असती; भोकं ती जड बाजू सोडून, एका अंगाला. "मिस्तरी, इससे गोला मुडेगा!" वळंल की! पण फळ्यांवर तेल लागतं, म्हंजी गोळा आधी घसरतो, मग वळतो. तेल संपलेलं. फळ्या कोरड्या ठणठणीत. अशा फळीवर तो गोळा अर्ध्यातच वळून गटारात जाणार, आन् नाव कुणाचं? माझं! भोक एकदा पडलं की बुजत न्हाई!

घरी बायको रतनबाई म्हणती, "दारांना भोकं पाडत जल्म गेला, आन् ह्याला भिता व्हय?"

अगं, दाराला कुणी दिल्लीस्नं बघाय येतं का?

पण म्या भोवरे घडवलेत. भोवऱ्याची खालची आर तसूभर सरकली की तो झिंगतो. म्हणलं, हे बी तसंच. गोळा हौदात सोडला. दिसाय जड, पण तरंगला. जड बाजू आपसूक खाली गेली. तिथं खडू वढला, देवाचं नाव घेतलं आन् चित्र पालथं घालून त्या जड बाजूलाच गिरमिट लावलं. म्हंजी जडपणा निघून जातो, गोळा सरळ पळतो. एकेक करून तिन्ही भोकं पाडली. भोक एकदा पडलं की…!

दुसऱ्या दिशी क्लबात साहेबांनी गोळा सोडला. म्या डोळं मिटलं. घर्र… घर्र… धाडदिशी! दहाच्या दहा आडव्या!

साहेब नाचायला लागले! पुस्तक थोपटत म्हणाले, "देखा, आनंदराव? किताब के मुताबिक छेद किया, इसलिए! और छह गोले आ रहे हैं. मिस्तरी, मैं खुद सामने किताब लेके बैठूंगा!"

म्या म्हणलं, "जी साहेब."

तुम्हाला सांगतो, जन्मात म्या एक दिवस आजारी पडलो न्हाई. पण गोळं सोमवारी येत्यात. सोमवारी मला ताप हाय.