फुलोऱ्यापासून शंभर दिवस

(शॅम्पेनच्या टेकड्यांमधलं एक गाव. घराखाली खडूच्या दगडात खोदलेलं तळघर. जूनमधली दुपार.)

आर्मेल: ही दोन हजार तीनची नाही.

रेजिस: घोट तरी नीट गिळ आधी.

आर्मेल: गिळला. दुसराही घेतला. ही शॅम्पेन दोन हजार तीनची नाही, रेजिस.

रेजिस: पाटीवर काय लिहिलंय ते वाच. अक्षर कुणाचं आहे?

आर्मेल: पप्पांचं. ‘२००३, कोल्ह्याचा तुकडा, आर्मेल.’ पण पाटी तारेनं अडकवलीय. आज या थप्पीवर, उद्या त्या थप्पीवर.

रेजिस: म्हणजे मी पाटी बदलली.

आर्मेल: मी असं कुठे म्हटलं?

रेजिस: म्हणायचं काय बाकी ठेवलंस? पप्पांना जाऊन चार महिने झाले. मृत्युपत्रात त्यांनी या दीडशे बाटल्या तुला दिल्या, मी एका शब्दाने काही बोललो नाही. तुला खाली आणलं, तू बोट दाखवलंस ती बाटली काढली, तुझ्या डोळ्यांसमोर टोपण उडवलं. सख्ख्या बहिणीसाठी माणूस आणखी काय करतो?

आर्मेल: त्या वर्षीचा उन्हाळा आठवतो तुला?

रेजिस: मी उन्हातच होतो. तू नव्हतीस.

आर्मेल: मग तूच सांग. तसल्या उन्हाळ्याची वाइन कशी लागते?

रेजिस: मऊ. मधासारखी, शिजवलेल्या सफरचंदासारखी. आंबटपणा नावालाही नाही. पप्पा म्हणायचे, या वाइनला कणा नाही, ही लोडाला टेकून बसते.

आर्मेल: आणि ही?

रेजिस: बाटली बाटलीत फरक पडतो.

आर्मेल: घे, पी. मग सांग.

रेजिस: आंबट आहे थोडी.

आर्मेल: थोडी? लिंबाची साल चावल्यासारखी आहे. मागून ओल्या खडूचा वास येतो. इतकी वर्षं आडवी पडून अजून ताठ आहे. ही थंड वर्षाची वाइन आहे, बाबा. घड सावकाश पिकलेत, रात्री गार होत्या, तोडणी उशिरा झाली. मला विचारशील तर दोन हजार आठ. नाहीतर तेरा. त्या वर्षी तोडणी ऑक्टोबरात गेली होती.

रेजिस: दोन हजार एक का नको? तेही माझ्या माथी मार.

आर्मेल: एक नाही. त्या सप्टेंबरात नुसता पाऊस होता, वाइन पाणचट निघाली, जिभेवर ठरायची नाही. ही ठरते. जेवताना पप्पा आपल्या पेल्यांत चमचाभर ओतून वर्ष ओळखायला लावायचे, विसरलास?

रेजिस: कसा विसरेन? तू ओळखायचीस आणि मी भांडी घासायचो.

आर्मेल: आणखी एक गोष्ट. प्रत्येक बाटलीच्या बुडाला पांढऱ्या रंगाचा फराटा असतो, आणि थप्पी रचताना तो खाली ठेवायचा असतो. हे आपल्याला चालायच्या आधी शिकवलं होतं. आता इथे बघ. एक फराटा डावीकडे, एक वर, एक तिसरीकडेच. ही थप्पी कुणीतरी मोडून पुन्हा रचलीय.

रेजिस: पप्पांनी.

आर्मेल: पप्पांनी? अशी?

रेजिस: दर वर्षी तुझ्या वाढदिवसाच्या सुमाराला ते बाटल्या काढायचे. एकेक हलवायचे, दिव्यासमोर धरायचे, परत ठेवायचे. शेवटची दोन वर्षं हात थरथरायचे त्यांचे. मी करतो म्हटलं तर जवळ येऊ द्यायचे नाहीत. तुला कुठून माहीत असणार? तू ख्रिसमसला दोन दिवस यायचीस आणि ते हात टेबलाखाली ठेवायचे.

आर्मेल: मी नर्स आहे, रेजिस. टेबलाखालचे हातही दिसतात मला.

रेजिस: मग विश्वास ठेव.

आर्मेल: ठेवला असता. पण साक्षीदार एकच आणि तो दफनभूमीत. तुला फार सोयीचं आहे हे. शिवाय कोल्ह्याचा तुकडा म्हणतोस, तर त्या वर्षी माझ्या त्या मळ्यात होतं काय? एप्रिलच्या थंडीनं सगळे कोंब करपले होते. मी बघितले होते, सिगारेटच्या राखेसारखे झाले होते. जिथे घडच नव्हते तिथून दीडशे बाटल्या आल्या कुठून?

रेजिस: मला माहीत नाही.

आर्मेल: घराचं तळघर तू सांभाळतोस.

रेजिस: खरंच माहीत नाही. सप्टेंबरात मी बोनला शेतकी शाळेत गेलो. नाताळला परत आलो तर ही वाइन एका छोट्या पिंपात बसलेली. विचारलं तर म्हणाले, तुझ्या कामाचं नाही. नंतर मी विचारणं सोडून दिलं.

आर्मेल: पाणी कुठेतरी मुरतंय. पाच वाजता नोटरीकडे जायचंय. माझ्या नावावर उरलेली एकच जमीन, तोच तुकडा, मी वीस वर्षांसाठी तुझ्या हातात द्यायची, असं तू ठरवलंयस. ज्यानं माझ्या बाटल्या बदलल्या, त्याला मी वेली देऊ?

रेजिस: तो तुकडा गेला तर माझ्याकडे पांढरी द्राक्षं राहत नाहीत. माझा धंदा अर्धा होतो. हे तुला कळतं, म्हणून असं बोलतेस.

आर्मेल: मी असं बोलते कारण या घरात मला पूर्वीही एकदा टाळलंय. त्या वर्षीच. तोडणीला गावातल्या प्रत्येक पोराला घरी बोलावतात. परदेशी असला तरी बोलावतात. मला कुणी बोलावलं नाही.

रेजिस: मी फोन केला होता. तुझ्या वॉर्डात निरोप ठेवला होता. फोन घेणाऱ्या बाईनं दिला नसेल, त्यात माझा काय दोष?

आर्मेल: हे आज पहिल्यांदा ऐकतेय.

रेजिस: विचारलंस कधी? हे बघ, सोलांजमावशी वरती स्वयंपाकघरात वाटाणे सोलतायत. तीस वर्षं आपल्या द्राक्षांच्या घाण्यावर त्याच होत्या. त्यांना बोलाव. त्यांनी सांगितलं ही तीनची नाही, तर सगळी थप्पी माझ्या डोक्यावर फोड.

आर्मेल: तूच हाक मार. तू एकट्यानं जिन्याजवळ जाऊन त्यांच्याशी बोललेलं मला नकोय. इथूनच मार.

रेजिस: मावशी! जरा खाली येता का? पायरीवर सांभाळून, ओलं आहे.

सोलांज: पायऱ्या मला नको शिकवूस रे. तुझ्या जन्माच्या आधीपासून उतरतेय. काय झालं? वरपर्यंत आवाज येतोय तुम्हा दोघांचा. बाप जाऊन वर्ष नाही झालं.

आर्मेल: मावशी, काही विचारू नका. फक्त हा घोट घ्या आणि वर्ष सांगा.

सोलांज: एकोणऐंशी वर्षांच्या बाईची परीक्षा? आण. अगं बाई. ही उघडलीत होय?

आर्मेल: वर्ष?

सोलांज: वर्ष काय सांगायचं, ही तर मी माझ्या हातांनी केली. कोल्ह्याचा तुकडा. उष्माघातानं माणसं मेली ते वर्ष.

रेजिस: ऐकलंस?

आर्मेल: थांब तू. मावशी, उन्हाळा तसा आणि वाइन अशी, कसं जमतं?

सोलांज: कारण हे उन्हाळ्याचे घड नव्हेतच. बगलफुटीचे आहेत. एप्रिलात कोंब करपले ना, मग मे महिन्यात वेल बाजूनं पुन्हा फुटली. वेल काय माणसासारखी रुसून बसते होय? पण दुसऱ्या फुटीला घड मागाहून लागतात, बारके, मुठीत मावतील एवढे. ऑगस्टात सगळं गाव घाईघाईनं तोडत होतं तेव्हा हे वाटाण्यासारखे हिरवे. असले घड कुणी तोडत नाही, पाखरांना सोडतात. मग ऊन उतरलं, रात्री गार व्हायला लागल्या, आणि हे आपले हळूहळू पिकत राहिले. आम्ही तोडले दहा ऑक्टोबरला. वर्ष तेच, पण हवा दुसरी लागली त्यांना. म्हणून जीभ आंबते.

आर्मेल: आम्ही म्हणजे कोण?

सोलांज: मी आणि फिर्मँ, तुझा बाप. पाच पेट्या निघाल्या. एवढ्याशासाठी मोठा घाणा कोण लावतो? आजोबांचा हातघाणा धुऊन काढला. गाव हसलं. म्हणाले, फिर्मँ आता पाखरांच्या तोंडचा घास काढायला लागला.

आर्मेल: पण का केलं त्यांनी?

सोलांज: तू येशील म्हणून.

आर्मेल: मी येईन म्हणून?

सोलांज: तोडणीची तारीख ग्रामपंचायतीच्या दारावर लागली, अठ्ठावीस ऑगस्ट. इतक्या लवकर कुणी बघितली नव्हती. फिर्मँ त्याच दिवशी याला म्हणाला, बहिणीला फोन लाव. संध्याकाळी विचारलं, लावलास? दुसऱ्या दिवशी विचारलं, लावलास? मी घाण्याच्या चाळण्या धूत होते, माझ्यासमोर. तेव्हा हा म्हणाला, लावला, ती नाही म्हणाली, तिला वेळ नाही. फिर्मँ उपड्या पेटीवर बसला. मग म्हणाला, ठीक आहे, तिचा तुकडा कुणी शिवायचा नाही. आज नाही म्हणाली, महिन्यानं येईल.

आर्मेल: रेजिस.

रेजिस: काय?

आर्मेल: आत्ता मला म्हणालास, वॉर्डात निरोप ठेवला. पप्पांना सांगितलंस, मी नाही म्हणाले. एका फोनची दोन उत्तरं कशी?

रेजिस: एकवीस वर्षं झाली. कुणाला आठवतंय काय बोललो?

आर्मेल: मावशींना आठवतंय.

सोलांज: मी कशाला मध्ये पडले? मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. इतकी वर्षं एका टेबलावर बसून ख्रिसमसचं जेवलात.

आर्मेल: जेवलो. पप्पा म्हणायचे, यंदा थंडी कमी आहे. मी म्हणायचे, हो, लियाँमध्येही कमी आहे. एकवीस ख्रिसमस आम्ही हवामानावर काढले, मावशी. मला वाटायचं त्यांनी मला बोलावलं नाही. आणि त्यांना वाटायचं मी नाही म्हणाले.

सोलांज: देवा.

आर्मेल: आणि मी आले होते.

रेजिस: कधी?

आर्मेल: जूनमध्ये त्यांचं कार्ड आलं होतं. एकच ओळ. ‘आठ जूनला फुलोरा आला.’ दुसऱ्या कुणाला त्यातून काही कळलं नसतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंतचे शंभर दिवस मोजले, लहानपणापासून मोजायचे तसे. सोळा सप्टेंबर. त्याची रजा जूनमध्येच मागून ठेवली. ऑगस्टात आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं उन्हानं जात होती, खाट पुसून होईपर्यंत दुसरं कुणी यायचं. पेपर बघायला वेळ नव्हता. त्याच उन्हानं इकडे द्राक्षं एक्याऐंशी दिवसांत पिकवली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सोळाला संध्याकाळी गाडीनं आले. फाटकावर तोडणी संपल्याचा गुच्छ लटकत होता. वाळून काडी झालेला. मी गाडीतून उतरलेही नाही.

सोलांज: अगं, वरती तुकड्यापर्यंत गेली असतीस तर घड दिसले असते. तुझ्यासाठीच टांगून ठेवले होते त्यानं.

आर्मेल: हो. दिसले असते.

रेजिस: तू आली होतीस, हे मला माहीत नव्हतं.

आर्मेल: तुला माहीत नव्हतं. मग तुला माहीत काय होतं, ते सांग. आता खोटं बोलून भागणार नाही.

रेजिस: मी फोन केला नाही.

आर्मेल: मोठ्यानं.

रेजिस: फोन केलाच नाही. झालं? एप्रिलात तीन रात्री, कोंब थंडीनं करपू नयेत म्हणून, आम्ही शेगड्या पेटवत वेलींमधून पळत होतो. पहिल्या रात्री तू होतीस. दुसऱ्या रात्री म्हणालीस, मला ही वेलीची गुलामी नको, मी लियाँला जाते. गेलीस. तिसऱ्या रात्री मी आणि पप्पा दोघंच. आणि त्यानंतर अख्खा उन्हाळा ते माझ्याकडे बघून तुझं बोलायचे. आर्मेलनं असं केलं असतं, आर्मेलला हे चवीवरून कळलं असतं. पाठ सोलून निघत होती माझी. वाटलं, एक तोडणी तरी माझी एकट्याची असू दे. एकच. नंतर सांगू म्हटलं. नंतर तुम्ही दोघं बोलेनात, मग सांगायचं कसं?

आर्मेल: त्यांच्या शेवटच्या आजारात तू दोन महिने उशाशी होतास.

रेजिस: रोज सांगायचं ठरवायचो.

सोलांज: चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुझ्या मनात अंधार होता रे पोरा.

आर्मेल: नोटरीला कळव. सही आज नाही.

रेजिस: बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर केली नसती.

आर्मेल: बाटल्या तू बदलल्या नाहीस. ते मी चुकीचं बोलले, ते मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

रेजिस: मग तुकड्याचं काय? कुणाला देणार?

आर्मेल: सहीचं तोडणीनंतर बघू. तोवर छाटणी, फवारणी करायची असेल तर कर. यंदा फुलोरा कधी आला?

रेजिस: तुझ्या तुकड्यात कालच उमलला. एप्रिलात थोडं करपलंय, वरच्या बाजूला. बगलफूट आहे.

सोलांज: बगलफूट पाखरांना सोडू नका म्हणजे झालं.

रेजिस: आर्मेल, शंभर दिवस धरलेस तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येईल तोडणी.

आर्मेल: मी दिवस मोजणार नाही आता.

रेजिस: मी फोन करीन.

आर्मेल: कर. मावशी समोर असताना लाव.