सुनेच्या कॉम्प्युटरात व्याही

आमच्या सुनेचं डोकं ऐका. ती घरून कंपनीचं काम करते, म्हणून एकाच कॉम्प्युटरात तिनं दोन बिऱ्हाडं थाटली. विंडोज मला पत्ते खेळायला, लिनक्स तिला कामाला. चालू करताना कुठलं पाहिजे ते निवडायचं. मी मेला दर वेळी तिच्या बिऱ्हाडात घुसायचो. एकदा तिचं आठवड्याचं काम माझ्या हातून पुसलं गेलं. बिचारी रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्क्रीनवर कोण? तिचे वडील, कॅम्प पाचात राहणारे आमचे व्याही, फेटा बांधून हसताना! पोराच्या लग्नापासून त्यांचं-माझं पटत नाही. झटकन बंद केलं. त्यानंतर एकदाही चुकलो नाही.

रविवारी व्याही आले, फोटो बघून अभिमानानं फुगले. "पोरीनं बापाला कुठं बसवलंय बघा!"

म्हटलं, "बरोबर बसवलंय. तुम्हाला बघूनच मी मागे फिरलो."