थट्टेचं नातं

नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, इथं बाकावर बस. बाकावर बसता येतं ना रे टोंगा माणसाला? का गाईच्या पाठीवरच बसायची सवय? हसतोस काय! फाटकात नाव मुडेंडा सांगितलंस तेव्हाच म्हटलं, आला गुराखी. मी नासिलेले, लोझी, पक्की नदीकाठची — तेव्हा ते मॅडम-मॅडम पुरे. तुझे आजोबा आमच्या गाई पळवायचे आणि तू मला मॅडम म्हणतोस? — बरं बाबा, आमचे तुमच्या पळवायचे. तेच ते. चहा घे. दूध नाहीये. दुधाचं काय झालं ते तुम्हा लोकांनाच ठाऊक.

हां, काढ तो टॅब. दाखव तो लाल शेरा, म्हणजे मलाही कळू दे लुसाकात बसून माझ्या वर्गाची काय लक्तरं टांगलीत ती. नाही, आधी माझं ऐक. सत्तर पोरं, दहा टॅब. म्हणजे एका टॅबला सात टाळकी. तुमच्या त्या प्रशिक्षणात किती गोड सांगितलं होतं — एकानं वाचायचं, एकानं टाइप करायचं, एकानं वेळ बघायची, सगळ्यांनी चर्चा करायची. चर्चा! ज्याचं कोपर दणकट त्याचा टॅब, हा माझ्या वर्गाचा कायदा. बाकीचे मानेचा जिराफ करून बघत बसतात, शेवटचे दोघं बाकाखाली वितुंबुवा, ते तळलेले गोळे, खातात आणि तेच तेलकट बोट पुन्हा काचेवर. त्यात वीज नाही — चार्जिंगला टॅब चर्चच्या सोलरवर नेते मी, डोक्यावर पेटी घेऊन, हो, मीच, हेडमास्तर नेणारेत की काय? नाकी नऊ आलेत माझ्या. आणि हे सगळं करून वर ते यंत्र पोरांचं बोलणं ऐकत बसणार, कोण किती बोललं त्याच्या पट्ट्या काढणार आणि दर शुक्रवारी मला समज देणार. मला! माझी बावीस वर्षं गेली या फळ्यापुढं.

तर कसोंदे. बेम्बा पोरगा, हुशार, गणितात तर — जाऊ दे. ईस्टरनंतर त्याचे वडील गेले. ताप आला, चार दिवसांत माणूस संपला. त्या दिवसापासून पोराची वाचा बसली. घरी नाही, शाळेत नाही, हाक मारली तर बघतो, बस्स. आई त्याची बाजारात कपेंटा विकते, वाळवलेले बारके मासे, ती मला रस्त्यात धरून विचारते, बाई, वर्गात तरी बोलतो का हो? मी काय सांगू? आणि शुक्रवारी यंत्राचा निरोप हजर — सहभाग शून्य, विद्यार्थ्याला बोलतं करा. अगं बये, मी काय त्याचं तोंड पिळू? मी गट बदलले, त्याला वेळ बघायचं काम दिलं, वाचायचं दिलं, टॅब अख्खा त्याच्या मांडीवर ठेवला. शून्य. मग एक दिवस मीच मला म्हटलं, अगं नासिलेले, तुझं डोकं कुठं चरायला गेलंय? बेम्बाला बोलतं कोण करणार? न्गोनी! दुसरं कोण? म्हणून तियामिके जेरेला उचलली आणि त्याच्या शेजारी बसवली.

आता तुला काय सांगायचं, तू टोंगा, मी लोझी, आपलंही हेच नातं, तुलाही हे रक्तातच मिळालंय — पण त्या यंत्राला कोण सांगणार? बेम्बा आणि न्गोनी या दोन जमाती चिंबुया, थट्टेच्या नात्यातल्या. त्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि कुणी रागवायचं नाही. रागावलास तर तूच खोटा. आणि मयत झालं की खड्डा खणायला, पाणी भरायला तेच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. कसोंदेच्या घरी काय झालं माहितीये? एक न्गोनी म्हातारा मयताच्या चटईवर आडवा झाला, म्हणाला, बिअर आणा नाहीतर मीच जातो याच्याऐवजी! त्याची आई, छाती पिटून रडत होती ती, तिला हसू फुटलं. मी बघितलंय. हसली म्हणून त्या रात्री मक्याच्या नशिमाचे दोन घास तरी गेले तिच्या पोटात.

तर तियामिके बसली. टॅब ओढला, कसोंदेकडं बघितलं आणि म्हणाली — तुझ्याकडं आहेच लिहिलेलं, पण लिहिलेलं म्हणजे काय, सूर थोडाच येतो त्यात — म्हणाली, काय रे माकडखाऊ, तुझ्या बापाला पुरता-पुरता माझ्या काकाची कंबर मोडली, केवढा तो जाडा माणूस! आणि तुला साधी अपूर्णांकांची बेरीज येत नाही? — आणि कसोंदे खाली मान घालून म्हणतो, उंदीर खाल्ल्यावर काय कंबर राहणार तुझ्या काकाची!

बोलला! मी फळ्याकडं तोंड केलं, पोरांना डोळे दिसू नयेत म्हणून. आणि मग थांबतायत कुठं — तू माकड, तू उंदीर, छेद इकडं घे, उंदराला छेद काय कळतो — गणित चुकलं, साफ चुकलं, पण भांडत भांडत सातही जणांनी सोडवलं. प्रशिक्षणात ज्याला चर्चा म्हणतात ना, ती ही. पहिल्यांदा झाली माझ्या वर्गात.

आणि त्यावर हा लाल शेरा. वाच ना, मोठ्यानं वाच. जमातीवरून शिवीगाळ. मृत पालकावरून छळ. मुलीला गटातून काढा, वर्गासमोर माफी मागायला लावा, नाहीतर सगळे टॅब परत. लिहिणाऱ्याच्या घरी कुणी मेलं नाही वाटतं कधी.

काय? — ती कुठं आहे? आहे की, बाहेर, मैदानात. नाही, आता बोलवू नको तिला. सांगते ना, बोलवू नको! त्याची गरजच नाहीये. म्हणजे — झालंय ते. माफीचं. मागितली तिनं, आज सकाळी. असा बघू नकोस माझ्याकडं. हेडमास्तर घाबरून घाम पुसत बसलेले, तू निघालायस म्हणून फोन आलेला, आणि मला ती बाकीची पोरं दिसत होती, एक बारकी तर घरी पाटीवर टॅबचं चित्र काढून त्यावर बोटं फिरवते. एका पोरीच्या चार शब्दांपायी सगळ्यांचं जायचं? म्हणून उभी केली तियामिकेला. ती मला म्हणते, मॅडम, तो माझा चिंबुया आहे, माफी मागितली तर मग मी कोण त्याची? — बारा वर्षांची पोर. तिला कळतं. आणि मला कळत नव्हतं का? लोझीची लेक मी, मला माहीत नाही चिंबुयाकडं माफी मागणं म्हणजे नातं तोडणं? माहीत होतं. तरी म्हटलं, माग.

मागितली. इंग्रजीत, तुमच्या निरोपात होती तशीच्या तशी. कसोंदेनं तिच्याकडं बघितलं, जसं कुणी अनोळखी बाई रस्ता विचारायला थांबावी. मग दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत ती खिडकीत उभी राहून ओरडत होती, माकडा, ए माकडा, तुझी आजी माकड — गळा सुकला पोरीचा. त्यानं मान वर केली नाही. संध्याकाळी त्याची आई पुन्हा विचारणार मला. काय सांगू तिला? टॅब वाचले म्हणून सांगू? राग येतो रे, यंत्राचा नाही, यंत्राला काय, माझाच येतो.

सही? हो, करते की. बोटानंच ना? ही घे. गेला लाल रंग? — काय म्हणालास? पोरंच आहेत, चार दिवसांत विसरतील, पुन्हा थट्टा सुरू करतील? असं वाटतं तुला?

बरं.

मुडेंडा साहेब, जरा उभे राहता का? मघापासून मी आपल्याला गुराखी म्हणाले. आपल्या आजोबांना चोर म्हणाले. आपण पाहुणे, वर सरकारी कामावर आलेले, मी असं बोलायला नको होतं. माझं चुकलं. मी आपली माफी मागते, साहेब.

नाही, हसू नका. मी थट्टा करत नाहीये.

चहा राहू द्या तसाच. या आपण. जाताना दार तेवढं लावून घ्या.